घर विकण्याआधी स्वयंपाकघर नवे करावे काय?

सुगी आटोपली की गावोगाव घर-जागेच्या देवघेवीच्या गोष्टी निघतात. कुणाला मुलांच्या शिक्षणासाठी पाथरी सोडून परभणीला जायचे असते, कुणाला भावाभावांत वाटणी करायची असते, तर कुणाला कर्ज फेडायचे असते. गिऱ्हाईक यायच्या आधी घरात एक बोलणे हमखास होते. "चुलीची खोली पार काळी पडलीय. कडप्प्याचा ओटा बांधून टाइल्स बसवल्या तर चार पैसे जास्त येतील."

येतील का? शेतकरी बंधूंनो, पिकाचा मांडता तसाच याचाही हिशेब मांडा. समजा, ओटा, टाइल्स, बेसिन आणि मिस्त्रीची मजुरी मिळून 80 हजार रुपये लागले आणि घराची किंमत 50 हजारांनीच वाढली, तर 30 हजार पदरचे गेले. पैसा व्याजाने काढला असेल तर व्याज वेगळे. म्हणजे कर्ज फेडायला घर विकायचे आणि ते विकायला आणखी कर्ज काढायचे!

पहिली गोष्ट, घेणारा कोण ते ओळखा. 30 सप्टेंबर 1993 च्या किल्लारी भूकंपात दगड-मातीची जड घरे कोसळून हजारो माणसे दगावली. मराठवाडा ते विसरलेला नाही. त्यामुळे जुने माळवदाचे घर घेणारा पुष्कळदा जागेसाठीच येतो. तो घर पाडून स्लॅब टाकणार असेल, तर तुमच्या टाइल्स मलब्यात जाणार. तिथे एक रुपयाही घालू नका.

घर पक्के आहे आणि घेणारा राहायलाच येणार आहे, अशा वेळी नवे करण्यापेक्षा मोडलेले दुरुस्त करा. आपली काळी जमीन पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आकसते. त्यामुळे भिंतीला तडे जातात, आणि तडकलेल्या भिंतीवरची टाइल्सही तडकते. मोरीचे पाणी पायाजवळ मुरत असेल तर आधी ते नालीत किंवा घरापासून दूर शोषखड्ड्यात काढा. काजळी खरवडून चुना द्या. गळका नळ, लोंबती वायर, न उघडणारी खिडकी नीट करा. एवढे थोडक्यात होते आणि घेणाऱ्याच्या नजरेतही भरते.

मात्र दोष झाकू नका. बैलबाजारात शिंगे रंगवली तरी घेणारा दात बघतोच. तुळईला वाळवी लागली आहे हे माहीत असून वरून रंग मारला, तर ते अंगाशी येऊ शकते. वरवर पाहून कळणार नाही असा मोठा दोष विकणाऱ्याला ठाऊक असेल, तर तो त्याने घेणाऱ्याला सांगावा, असे मालमत्ता हस्तांतरण कायदा 1882 चे कलम 55 म्हणते.

ओट्याआधी कागद बघा. नमुना 8 चा उतारा, घरपट्टीची पावती, वारसांची नावे, भावा-बहिणींची संमती हे सगळे जुळले पाहिजे. 24 एप्रिल 2020 रोजी सुरू झालेल्या स्वामित्व योजनेत ज्या गावठाणांची ड्रोनने मोजणी झाली, तिथे मिळकत पत्रिका काढून घ्या. बँकेचे कर्ज काढून घर घेणारा आधी कागद मागतो, ओटा नंतर बघतो. ग्रामपंचायतीच्या मंडळींनीही वारसनोंदी वेळेवर केल्या तर कितीतरी व्यवहार अडणार नाहीत.

एक गोष्ट मात्र हिशेबाच्या वहीत बसत नाही. ज्या बाईने त्या खोलीत वीस वर्षे धूर खाल्ला, तिने मागितला तेव्हा ओटा झाला नाही; गिऱ्हाइकासाठी मात्र लगेच मिस्त्री येतो. 2016 साली उज्ज्वला योजना आली, घरोघर गॅस गेला, पण पुष्कळ घरांत शेगडी अजून जमिनीवरच आहे. वास्तविक शेगडी सिलिंडरपेक्षा उंच जागी असावी, हा सुरक्षेचा नियम आहे. तेव्हा घर विकायचे अजून दोन-चार वर्षे नक्की नसेल, तर ओटा यंदाच बांधा. आणि त्याची उंची किती ठेवायची ते मिस्त्रीला नव्हे, घरच्या बाईला विचारा.