उसनी समृद्धी आणि चलनाची पत

एखाद्या देशाच्या चलनाचा भाव कोसळला की लोक सट्टेबाजांना दोष देतात. तो दोष अगदीच खोटा नसतो; परंतु वादळाने पडते ते वाळूवर बांधलेले घर. १९९७ साली थायलंडमध्ये जे घडले ते याच प्रकारचे होते.

थायलंडच्या चलनाचे नाव ‘बात’. अनेक वर्षे एका अमेरिकन डॉलरला सुमारे २५ बात हा भाव सरकारने जवळजवळ स्थिर राखला होता. देशात व्याजाचे दर चढे, परदेशांत उतरते. साहजिकच तेथील बँकांनी व वित्तसंस्थांनी डॉलरमध्ये कर्जे काढली आणि देशात ती बातमध्ये वाटली. त्यातील पुष्कळसा पैसा जमिनी व इमारती यांत गेला. हुंडणावळीचा भाव बदलणार नाही, असे सर्वजण गृहीत धरून चालले होते. परंतु कर्ज अल्प मुदतीचे होते आणि इमारतीतून पैसे सुटावयास कित्येक वर्षे लागत. शिवाय देणे डॉलरमध्ये, तर येणे बातमध्ये.

१९९६ साली निर्यातीची वाढ खुंटली. नव्या इमारतींना गिऱ्हाइके मिळेनात. धनको साशंक झाले. तेव्हा भाव सावरण्यासाठी मध्यवर्ती बँकेने गंगाजळीतील डॉलर खर्ची घातले. पुढील तारखांना डॉलर देण्याचे करारही केले. त्यामुळे कागदावर शिल्लक मोठी दिसे. प्रत्यक्षात तिचा बहुतेक भाग आधीच बांधला गेला होता. अखेर २ जुलै १९९७ रोजी बात बाजारभावावर सोडावा लागला.

जानेवारी १९९८ मध्ये एका डॉलरला ५० हून अधिक बात पडू लागले. शंभर डॉलर फेडण्यास पूर्वी २,५०० बात पुरत. आता ५,००० पुरेनात. ५६ वित्तसंस्था कायमच्या बंद झाल्या. ज्यांनी एक डॉलरही उसना घेतला नव्हता, अशा कामगारांचा रोजगार गेला. आंतरराष्ट्रीय नाणेनिधीच्या पुढाकाराने सुमारे १७ अब्ज डॉलरचे साहाय्य ठरले, ते काटकसरीच्या कठोर अटींसह.

परकीय भांडवल त्याज्य आहे, असा याचा अर्थ नव्हे. कर्जाची मुदत कामाच्या मुदतीशी जुळावी, ज्या चलनात देणे त्याच चलनात मिळकत असावी, आणि गंगाजळीचा खरा हिशेब जनतेपुढे असावा. यांतील शेवटची गोष्ट सर्वांत महत्त्वाची. तूट झाकल्याने भरून निघत नाही. तिचा आकडा मात्र वाढतो, आणि तो बहुधा निरपराध माणसाच्या खात्यावर पडतो.