टेंभलीचं आधार आणि पीएचडीनंतरची वाट

देशातलं पहिलं आधार कार्ड २९ सप्टेंबर २०१० रोजी नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभली गावात दिलं गेलं. आधार नोंदणीची माहिती ज्या कुलपात बंद होते, ते कुलूप एका भरवशावर टिकून आहे: प्रचंड मोठ्या संख्येचे अवयव पाडणं आजच्या संगणकांना जमत नाही. पुरेसा मोठा क्वांटम संगणक ते करू शकेल, हे पीटर शोर यांनी १९९४ मध्ये दाखवून दिलं. तसा संगणक अजून बनलेला नाही. तो बनवणं आणि त्यालाही दाद न देणारी नवी कुलपं घडवणं, दोन्ही कामं जगभर जोरात चालू आहेत. त्यातला मोठा भार पोस्ट-डॉक संशोधक उचलतात.

पोस्ट-डॉक म्हणजे पीएचडीनंतर दोन-तीन वर्षं, बहुधा दुसऱ्या संस्थेत, केलेलं पगारी संशोधन. शास्त्रज्ञ स्वतःच्या पायावर उभा राहतो तो याच काळात. शिरपूरला १९४९ मध्ये जन्मलेले अभय अष्टेकर १९७४ मध्ये शिकागोहून पीएचडी घेऊन ऑक्सफर्डला रॉजर पेनरोझ यांच्या गटात गेले. पुढे १९८६ मध्ये त्यांनी आइन्स्टाइनची समीकरणं नव्या रूपात मांडली आणि त्यावर लूप क्वांटम ग्रॅव्हिटी हा सिद्धांत उभा राहिला. त्यांच्या जन्माच्या वेळी शिरपूर आणि नंदुरबार एकाच पश्चिम खानदेश जिल्ह्यात होते.

आता तर परदेशीच जायला हवं, असंही नाही.

केंद्राने एप्रिल २०२३ मध्ये ६,००३ कोटी रुपयांचं राष्ट्रीय क्वांटम मिशन मंजूर केलं. त्यातलं संवेदकांचं केंद्र आयआयटी मुंबईत आहे. मुंबईची टीआयएफआर आणि पुण्यातली डीआरडीओची प्रयोगशाळा यांनी सहा क्यूबिटच्या प्रोसेसरची चाचणी २०२४ मध्ये पूर्ण केली. पुण्याच्या आयसरमध्ये अतिशीत अणूंवर प्रयोग चालतात. राष्ट्रीय पोस्ट-डॉक्टरल फेलोशिप दोन वर्षांची असते. वयोमर्यादा ३५, पण अनुसूचित जमाती, अनुसूचित जाती, ओबीसी आणि महिलांना पाच वर्षांची सवलत आहे. दोन तृतीयांशांहून अधिक लोकसंख्या आदिवासी असलेल्या नंदुरबार जिल्ह्यात ही सवलत घरोघरी माहीत असायला हवी.

खरी अडचण मात्र फार आधी येते. धडगाव-अक्कलकुव्याची मुलगी भौतिकशास्त्रात बी.एस्सी. करते, तेव्हा त्या पदवीपुढे बी.एड. आणि स्पर्धा परीक्षा एवढंच तिच्या कानावर पडतं. आयआयटी-आयसरमध्ये एम.एस्सी.साठी ‘जॅम’ आणि पीएचडीसाठी ‘जेस्ट’, ‘नेट’ किंवा ‘गेट’ या परीक्षा असतात, हे तिला शेवटच्या वर्षी कळलं तर तयारीला वेळच उरत नाही. जॅमचे अर्ज साधारण सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये भरले जातात आणि परीक्षा फेब्रुवारीत होते. नंदुरबार, शहादा, तळोद्याच्या प्राध्यापकांनी ही माहिती पहिल्याच वर्षी वर्गात सांगावी.