विजेचा रांजण

सन २०२० च्या जून महिन्याची ३ तारीख. त्या दिवशी दुपारी ‘निसर्ग’ नावाचे चक्रीवादळ रायगड जिल्ह्यात श्रीवर्धन-दिवेआगरच्या किनाऱ्यावर येऊन आदळले. नारळी-पोफळीच्या बागा आडव्या झाल्या, घरांवरील कौले आणि पत्रे उडाले, विजेचे खांब हजारोंनी कोसळले. वादळ काही तासांत निघून गेले. पण त्याने मागे ठेवलेला अंधार लवकर सरला नाही. काही गावांना विजेसाठी कित्येक आठवडे वाट पाहावी लागली. पंप बंद म्हणून नळाला पाणी नाही, गिरणी बंद म्हणून दळण नाही, आणि मोबाइल बंद पडल्यामुळे दूरच्या आप्तांना खुशालीचा निरोपही नाही, अशी त्या गावांची अवस्था झाली. विजेवाचून आपले किती अडते, हे वीज असताना ध्यानात येत नाही. ती गेली म्हणजे येते.

अशा वेळी मनात सहज विचार येतो, की सूर्य तर रोज माथ्यावर तळपतो. त्याच्याच प्रकाशापासून घरच्या घरी वीज करावी, ती साठवून ठेवावी आणि दूरच्या तारांचा आधार सोडून द्यावा. हा विचार कितपत योग्य आहे, हे ठरवण्यापूर्वी वीज आपल्या घरी येते कशी, हे पाहिले पाहिजे.

कोयनेचे पाणी बोगद्यांतून खाली उतरते, चंद्रपूरला कोळसा जळतो, साताऱ्याच्या पठारांवर पवनचक्क्या फिरतात. या सर्व ठिकाणची वीज तारांच्या एका विशाल जाळ्यात येऊन मिळते. या जाळ्यास ‘ग्रिड’ असे म्हणतात. ३१ डिसेंबर २०१३ रोजी रायचूर-सोलापूर वाहिनीने दक्षिण भारताचे जाळे उर्वरित देशाच्या जाळ्यास जोडले गेले, आणि सर्व देशाचे मिळून एकच ग्रिड झाले. एका प्रांतात तूट पडली, तर दुसऱ्या प्रांताची वीज तिकडे वळवता येते. संकटात शेजाऱ्याने शेजाऱ्याच्या उपयोगी पडावे, तसाच हा प्रकार होय.

परंतु या जाळ्याची एक अडचण आहे. तारांत वीज साठून राहत नाही. जितकी वीज ज्या क्षणी वापरली जाते, तितकीच त्या क्षणी निर्माण व्हावी लागते. हा तोल फार बिघडला, की यंत्रे स्वतःच्या रक्षणासाठी आपोआप बंद पडतात, आणि एकामागून एक गावे अंधारात जातात. जुलै २०१२ च्या ३० आणि ३१ तारखांना उत्तर व पूर्व भारतातील कोट्यवधी लोकांनी हा अनुभव घेतला. १२ ऑक्टोबर २०२० रोजी वीजपुरवठा खंडित होऊन मुंबईच्या लोकलगाड्यादेखील जागच्या जागी थांबल्या होत्या.

आता सूर्याकडे वळू. सिलिकॉनच्या पातळ चकत्यांवर प्रकाश पडला, की त्यांतून विजेचा प्रवाह वाहू लागतो. अशी व्यवहारोपयोगी सौर चकती सन १९५४ मध्ये अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत प्रथम तयार झाली. आज खेड्यापाड्यांतील छपरांवरही सौर पटले दिसू लागली आहेत. एक किलोवॉट क्षमतेची पटले स्वच्छ उन्हाच्या दिवशी सुमारे ४ युनिट वीज देतात. एक हजार वॉटचे उपकरण एक तास चालवले, म्हणजे एक युनिट वीज खर्च होते.

येथे एक चमत्कारिक गोष्ट सांगितली पाहिजे. ज्या घराची सौर पटले केवळ ग्रिडला जोडलेली असतात, त्या घरात ग्रिडची वीज जाताच भर उन्हातही दिवा लागत नाही! कारण साधे आहे. वीज गेली म्हणजे तार दुरुस्त करण्यास कोणी कामगार खांबावर चढलेला असतो. त्या वेळी छपरावरची वीज उलट तारेत शिरली, तर त्याचा प्राणच जाईल. म्हणून ग्रिड बंद पडताच घरचे यंत्रही आपोआप बंद होते. तेव्हा अंधाराच्या वेळी उपयोगी पडावयाचे, तर पटलांसोबत बॅटरी आणि ग्रिडपासून घर अलग करणारी सोय, ही दोन्ही हवीत.

बॅटरी म्हणजे विजेचा रांजणच. रांजण पाणी निर्माण करीत नाही. भरलेले पाणी वेळेला देतो, एवढेच. सन १८५९ मध्ये गास्ताँ प्लाँते या फ्रेंच शास्त्रज्ञाने शिशाचे पत्रे सौम्य गंधकाम्लात बुडवून पुनःपुन्हा भरता येणारी बॅटरी सिद्ध केली. तिची वंशज आजही अनेक घरांत इन्व्हर्टरशेजारी दिसते. तिच्याहून हलकी आणि अधिक टिकाऊ अशी लिथियमची बॅटरी सन १९९१ पासून बाजारात आली, आणि तिच्या जनकांना सन २०१९ मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले.

या रांजणात मावते तरी किती? १२ व्होल्ट आणि १५० अँपिअर-तासांची शिशाची बॅटरी घेतली, तर १२ गुणिले १५० म्हणजे १,८०० वॉट-तास, अर्थात १.८ युनिट वीज तीत साठते. पण अशी बॅटरी वारंवार तळापर्यंत रिती केली, तर ती लवकर निकामी होते. म्हणून निम्मीच वीज वापरणे शहाणपणाचे. उरले ०.९ युनिट. दहा वॉटचे चार दिवे पाच तास लावले, तर ०.२ युनिट लागते. ७५ वॉटचा एक पंखा आठ तास चालवला, तर ०.६ युनिट लागते. म्हणजे एवढ्यावर रात्र सुखाने निघते. पण कोणी दोन हजार वॉटचा पाणी तापवण्याचा गीझर अर्धा तास लावला, तर एकट्या त्यालाच एक युनिट हवे! अंथरूण पाहून पाय पसरावे, ही म्हण बॅटरीच्या मालकाने विसरता कामा नये.

शिवाय आषाढात आभाळ आठ-आठ दिवस झाकोळलेले असते. तेव्हा पटलांची वीज पुष्कळच घटते आणि रांजण अर्धाही भरत नाही. बॅटरीला मोठा खर्च येतो, काही वर्षांनी ती बदलावी लागते, आणि शिसे विषारी असल्यामुळे जुनी बॅटरी कोठेही फेकून चालत नाही. ती विक्रेत्याकडे परत द्यावी लागते.

मग रांजण नकोच काय? तसे नव्हे. रांजण खुद्द ग्रिडलाही हवा आहे. सह्याद्रीत घाटघर येथे मागणी कमी असताना खालच्या जलाशयाचे पाणी वरच्या जलाशयात चढवतात, आणि मागणी वाढताच ते खाली सोडून २५० मेगावॉट वीज निर्माण करतात. हा पाण्याचा, पण विजेसाठी भरलेला रांजण होय. गुजरातेत सुमारे एक हजार वर्षांपूर्वीच्या सूर्यमंदिरासाठी प्रसिद्ध असलेले मोढेरा हे गाव ९ ऑक्टोबर २०२२ रोजी सौरग्राम म्हणून घोषित झाले. तेथे हजाराहून अधिक घरांवर सौर पटले आहेत. जवळच ६ मेगावॉटचे सौर केंद्र आणि १५ हजार युनिट साठवणारी बॅटरी आहे. दिवसा सूर्य आणि रात्री बॅटरी, असा तेथील क्रम. तरीही त्या गावाने ग्रिडची तार तोडलेली नाही.

त्यातच या प्रश्नाचे उत्तर आहे. जेथे डोंगरदऱ्यांमुळे तार पोहोचणे कठीण आहे, त्या पाड्यावर सौर पटले आणि बॅटरी यांवाचून गत्यंतर नाही. जेथे लसी थंड ठेवावयाच्या आहेत, त्या आरोग्य केंद्रात बॅटरी असलीच पाहिजे. वादळवाऱ्याच्या मुलखात ती घरोघरी असल्यास उत्तमच. पण ज्यांना परवडते त्या सर्वांनीच तार तोडली, तर खांब, तारा आणि केंद्रे यांचा खर्च उरलेल्या थोड्यांवर पडेल, आणि ते उरलेले बहुधा गरीबच असतील. उलट ज्याच्या छपरावर दुपारी वीज अधिक झाली, त्याने ती जाळ्यात सोडली, तर तीच शेजारच्या गिरणीला चालना देते.

घरी रांजण भरलेला असावा, म्हणून गावची नदी कोणी बुजवीत नाही. आणि नदी वाहते आहे, म्हणून रांजण कोणी फोडीत नाही. नदी सर्वांची असते, तर रांजण अडचणीच्या वेळचा सोबती असतो. जो दोहोंची किंमत ओळखतो, त्याच्या घरात वादळाच्या रात्रीही दिवा तेवत राहतो, आणि त्या दिव्याचा उजेड शेजाऱ्याच्या अंगणातही पडतो.