पॅट्रिशियन : रोमच्या देवांशी बोलण्याचा मक्ता

इ.स.पू. ५९ मध्ये रोममध्ये एक विचित्र दत्तकविधान झाले. दत्तक जाणारा पब्लियस क्लोडियस पुल्खर तिशी ओलांडलेला होता आणि त्याला दत्तक घेणारा फॉन्टियस जेमतेम विशीतला. क्लोडियसचे घराणे पॅट्रिशियन, पिढ्यान्‌पिढ्या कॉन्सल, म्हणजे दरवर्षी निवडले जाणारे दोन सर्वोच्च अधिकारी, देणारे. फॉन्टियस प्लेबियन, म्हणजे त्या जुन्या कुळांच्या बाहेरचा. या समारंभाला धर्मप्रमुख ज्युलियस सीझर हजर होता, शकुन पाहायला पॉम्पी होता. विधी उरकताच बापाने मुलाला आपल्या अधिकारातून मोकळे करून टाकले. क्लोडियसला ट्रिब्यून हे प्लेबियनांच्या प्रतिनिधीचे पद हवे होते आणि ते पॅट्रिशियन माणसाला मिळत नसे, एवढेच या नात्याचे प्रयोजन होते.

पुढच्या वर्षी ट्रिब्यून होऊन त्याने नागरिकांना फुकट धान्य देणारा कायदा केला आणि माजी कॉन्सल सिसेरोला रोम सोडायला लावले. ज्या जन्मामुळे एके काळी रोमची सगळी दारे उघडत, तो जन्म पुसून टाकल्याशिवाय त्याला हे साधले नसते.

रोमची परंपरा सांगते की रोम्युलसने शंभर जणांची सभा नेमली आणि त्यांचे वंशज ते पॅट्रिशियन. इतिहासकार हे जसेच्या तसे स्वीकारत नाहीत. इ.स.पू. ५०९ मध्ये राजेशाही संपल्यानंतरच्या पहिल्या काही दशकांतल्या कॉन्सलांच्या यादीत पुढे प्लेबियन म्हणून ओळखली गेलेली नावे आढळतात. राजांना हाकलणारा म्हणून पूजला गेलेला ब्रुटस ज्या ज्युनियस कुळाचा, ते कुळही नंतरच्या काळात प्लेबियनच होते. खुद्द क्लोडियस ज्या क्लॉडियस घराण्यातला, त्याचा मूळपुरुष सेबाइन प्रदेशातून आपल्या आश्रितांचा जथा घेऊन आलेला परका माणूस. त्याला रोमने जमीन दिली आणि सभेत जागाही दिली. म्हणजे दार आधी उघडे होते आणि आत शिरलेल्यांनी ते मागाहून लावून घेतले, असेच मला पुराव्यांवरून वाटते. आपला हक्क अनादी काळापासूनचा आहे हा दावा त्यानंतरचा.

या घराण्यांच्या हाती जमीन होती, सावकारी होती आणि आश्रितांचे मोठे जाळे होते. आश्रिताला धनी कोर्टकज्ज्यात सांभाळी, आश्रित त्याच्यामागे उभा राही, वेळ पडली तर लढेही. फेबियस घराण्याने इ.स.पू. ४७७ च्या सुमारास व्हेई शहराशी स्वतःच्या बळावर युद्ध केले आणि क्रेमेरा नदीकाठी त्यांचे ३०६ पुरुष कापले गेले, असे रोमन सांगत. आकडा खरा असो वा नसो, एखादे कुळ राज्याच्या वतीने एकटे लढाईला निघू शकते, यात कुणाला नवल वाटले नाही. दुसरीकडे कर्ज फिटले नाही तर कुणब्याला देहानेच सावकाराची चाकरी करावी लागे. इ.स.पू. ४९४ मध्ये हे असह्य झाले तेव्हा प्लेबियनांनी तलवार उपसली नाही. ते शहर सोडून पवित्र टेकडीवर जाऊन बसले. शत्रू दाराशी आणि सैन्य टेकडीवर, असा पेच पडला. त्यातून ट्रिब्यून हे पद जन्माला आले. ट्रिब्यूनच्या अंगाला कुणी हात लावायचा नाही, अशी प्लेबियनांनी शपथ घेतली.

पण पॅट्रिशियनांचे खरे कुलूप वेगळेच होते. रोममध्ये निवडणूक, लढाई, सभा, काहीही देवांचा कौल घेतल्याशिवाय होत नसे. पक्ष्यांच्या उडण्यावरून, विजेवरून, पवित्र कोंबड्यांच्या दाणे टिपण्यावरून हा कौल वाचला जाई आणि तो मागण्याचा अधिकार आपल्याच रक्तात आहे, असे पॅट्रिशियन म्हणत. दोन्ही कॉन्सल नसले की हा अधिकार त्यांच्याकडे परत जातो, असे मानले जाई. मग त्यांच्यातला एकेक जण पाच-पाच दिवस राज्याचा कारभार पाही आणि नव्या निवडणुका घडवून आणी. बारा पट्टिका या रोमच्या जुन्या लेखी कायद्यात दोन वर्गांतल्या विवाहाला बंदी घातली गेली, तिच्यामागे हाच युक्तिवाद होता: रक्त मिसळले तर देवांशी बोलणार कोण? ही बंदी कॅन्युलियस या ट्रिब्यूनने इ.स.पू. ४४५ मध्ये उठवायला लावली. त्यानंतरही कॉन्सलपद मिळायला प्लेबियनांना पाऊणशेहून अधिक वर्षे झगडावे लागले. इ.स.पू. ३६७ च्या कायद्याने ते दार उघडले. इ.स.पू. ३०० मध्ये पुरोहितांची आणि शकुनवेत्त्यांची मंडळेही त्यांना मोकळी झाली.

हा गरिबांचा विजय नव्हता. कॉन्सलपदावर गेले ते श्रीमंत प्लेबियन आणि त्यांनी पॅट्रिशियनांशी सोयरिकी जुळवून एक नवा सरदारवर्ग उभा केला. जमिनीवर मर्यादा घालणारा लिसिनियस स्टोलो पुढे स्वतःच ती मर्यादा मोडल्याबद्दल दंड भरून बसला, असे इतिहासकार लिव्ही सांगतो. त्या टेकडीवर जाऊन बसलेल्या कर्जबाजारी माणसाच्या पदरात या सगळ्यातून फार थोडे पडले आणि ते विसरून या लढ्याकडे पाहू नये.

कायद्याने गमावलेले बरेचसे पॅट्रिशियनांनी स्मरणातून राखले. घराच्या पुढच्या चौकातल्या कपाटांत पूर्वजांचे मेणाचे मुखवटे असत. रोममध्ये ओलीस राहिलेल्या पॉलिबियस या ग्रीक इतिहासकाराने अशा घरातली अंत्ययात्रा वर्णन केली आहे. मृताच्या पूर्वजांशी उंची-बांधा जुळणारी माणसे ते मुखवटे आणि ज्याच्या त्याच्या पदाचे वस्त्र घालून रथातून निघत, आणि फोरममध्ये हस्तिदंती आसनांवर ओळीने बसत. मग मुलगा व्यासपीठावर उभा राहून बापाचे आणि त्या सर्वांचे पराक्रम एकेक करून सांगे. तरुणांवर याचा केवढा संस्कार होत असेल, असे पॉलिबियसलाही वाटले. नंतर प्लेबियन सरदार घराण्यांनीही हीच प्रथा उचलली. या भाषणांत खोटे विजय आणि फुगवलेली पदे घुसली, अशी तक्रार सिसेरो आणि लिव्ही दोघेही करतात. रोमचा पहिला इतिहासकार फेबियस पिक्टर हाही त्याच फेबियस घराण्यातला. सुरुवातीचा रोम आपल्याला दिसतो तो बराचसा या घराण्यांनी दाखवला तसा. क्रेमेराचे ३०६ वीर वाचताना हे मनात ठेवावे लागते.

मनात रुजलेला ताठा मात्र कुठल्याच कायद्याने गेला नाही. इ.स.पू. २४९ मध्ये ड्रेपानाच्या समुद्री लढाईआधी पवित्र कोंबड्या दाणे टिपेनात, तेव्हा कॉन्सल पब्लियस क्लॉडियस पुल्खरने त्या समुद्रात फेकल्या, असे सांगतात. कार्थेजने त्याची ९३ जहाजे पकडली आणि रोमने त्याला दंड केला. त्याची बहीण काही वर्षांनी खेळ पाहून परतताना गर्दीच्या रेट्यात सापडली. भाऊ जिवंत होऊन पुन्हा एक आरमार बुडवील तर ही गर्दी तरी कमी होईल, असे ती मोठ्याने म्हणाली. त्या आरमारात हजारो गरिबांची मुले बुडाली होती. तिलाही दंड झाला आणि तो योग्यच होता.

शेवटी पॅट्रिशियनांच्या हाती मक्ता उरला तो काही पुरोहितपदांचा. ज्युपिटरचा पुजारी पॅट्रिशियनच हवा आणि त्याच्या आईबापांचे लग्न पूजेतल्या गव्हाच्या रोटीने, जुन्या विधीने झालेले हवे. त्याने घोड्यावर बसायचे नाही, युद्धाला सज्ज सैन्य पाहायचे नाही, कच्चे मांस, बकरी आणि घेवडा यांना शिवायचे नाही, अंगावरच्या कपड्याला गाठ मारायची नाही, आपल्या बिछान्यापासून सलग तीन रात्री दूर राहायचे नाही. प्रांताचा कारभार हाकू पाहणाऱ्या माणसाला ही बेडीच होती. इ.स.पू. ८७ मध्ये सेनापती मॅरियसच्या माणसांच्या तावडीत सापडण्याआधी कॉर्नेलियस मेरुला या पुजाऱ्याने देवळातच शिरा कापून घेतल्या. त्याआधी पदाची टोपी उतरवून ठेवल्याचे त्याने लिहून ठेवले, कारण ती डोक्यावर असताना मरणे पाप होते. त्यानंतर हे पद सत्तरहून अधिक वर्षे रिकामे राहिले. इ.स. २३ मध्ये सम्राट टायबेरियसला या पदासाठी नियमात बसणारे तीन उमेदवार मिळणेही अवघड झाले.

तोवर युद्धांत आणि आपसांतल्या कत्तलींत जुनी कुळे विझत गेली होती. सीझरने आणि नंतर ऑगस्टसने कायदा करून नवे पॅट्रिशियन नेमले, क्लॉडियस सम्राटाने त्यांत भर घातली. सम्राट कॉन्स्टंटाइनने तर पॅट्रिशियन ही सम्राटाकडून एखाद्या व्यक्तीला मिळणारी पदवी करून टाकली. पाचव्या शतकात पश्चिम रोमचा सेनापती रिसिमर हा पॅट्रिशियन म्हणून सम्राटांना बसवत आणि उतरवत होता. त्याचा बाप स्वेबी होता आणि आई व्हिसिगॉथ राजाची मुलगी.