सिंधोरा आणि उरुशी

बनारसमधल्या कश्मीरीगंज-खोजवां भागातला खरादी म्हणजे आपल्याकडचा कातारी. खरादावर, म्हणजे लाकूड कातायच्या यंत्रावर, गरगर फिरणाऱ्या लाकडावर तो रंगीत लाखेची कांडी दाबून धरतो. घर्षणाने लाकूड तापतं, लाख वितळते आणि लाकडाला रंगाचं कडं पडतं. मग केवड्याच्या पात्याने घोटलं की चकाकी येते. असा घडतो सिंधोरा, पूर्वांचल-बिहारच्या लग्नातली सिंदूर ठेवायची लाकडी डबी. आपल्या कुंकवाच्या करंड्याची ही भोजपुरी बहीण.

ही लाख येते पळस, कुसुंब आणि बोरीच्या फांद्यांवर वाढणाऱ्या इवल्याशा किड्यांपासून. झारखंडात तिचं मोठं उत्पादन होतं. रांचीजवळच्या नामकुमला १९२४ पासून लाखेवर संशोधन चालतं. आपल्या पुराणकथांत ती लाक्षागृहात पेटते, तर जुना अळता याच लाखेच्या लाल रंगाचा असे. म्हणजे पावलांवरचा अळता आणि भांगातल्या सिंदुराची डबी, दोन्हींचं मूळ एकाच फांदीवर.

संस्कृत 'लाक्षा'पासूनचा शब्द फारसी-पोर्तुगीज वाटेने युरोपात जाऊन 'लॅकर' झाला आणि पुढे जपानी भांड्यांनाही चिकटला. त्या भांड्यांवर लाख नसतेच. जपानची उरुशी म्हणजे झाडाच्या सालीला चिरा देऊन मिळवलेला चीक. कच्चा असताना अंगाला लागला तर पुरळ उठवणारा.

दोघींचे स्वभावही उलटे. लाखेला ऊब हवी; ती वितळते, थंड होताच घट्ट होते, पुन्हा तापवली तर पुन्हा वितळते. उरुशीला दमट हवा हवी. ओलसर कपाटात ती सावकाश घट्ट होते आणि एकदा झाली की वितळत नाही. जपानमधल्या वाजिमाच्या उरुशी भांड्याला शंभराहून अधिक टप्पे लागतात. खरादीचं काम मिनिटांचं, उरुशीचं महिन्यांचं.

भांडं काय होणार, हे या स्वभावानेच ठरवलं. उरुशीच्या वाडग्यात गरम सूप वाढता येतं. लाख उष्णतेने मऊ पडते, म्हणून तिच्या वाट्याला कोरड्या वस्तूंच्या डब्या आल्या.

नक्षीचंही तसंच. जपानी कारागीर ओल्या उरुशीवर सोन्याची पूड भुरभुरवून चित्र काढतो. या तंत्राला 'माकिए' म्हणतात. सारस आणि कासव ही दीर्घायुष्याची प्रतीकं, तर पाइन, बांबू आणि प्लम ही तिकडी हिवाळा सोसण्याच्या बळाची. फिरत्या खरादावर सारस कसा काढणार? तिथे उमटतं ते कडं. म्हणून सिंधोऱ्याचं बोलणं चित्रातून नव्हे, रंगातून आणि आकारातून होतं: सौभाग्याचा लाल, मंगलाचा पिवळा, कळशासारखा फुगीर घाट, वर शिखरासारखं झाकण.

सावंतवाडीने या दोन वाटांमधली तिसरी काढली. तिथल्या चितारींनी दशावतारी गंजिफा या पत्त्यांच्या खेळाच्या १२० गोल पानांवर कुंचल्याने अवतार रंगवले आणि वर लाखेचा लेप दिला. आकार गोलच, पण त्यात चित्राला जागा मिळाली.

बनारसच्या या लाखकामाला भौगोलिक मानांकन आहे. तिथले काष्ठशिल्पी गोदावरी सिंह यांना २०२४ साली पद्मश्री मिळाली. तरी खरादाखालचं लाकूड बदललं आहे. पूर्वी कोरैया या जंगली झाडाचं लाकूड वापरत. आता बरंचसं काम निलगिरीवर होतं. सन्मान कारागिराला मिळतो, कोरैया मात्र जंगलातूनच यावा लागतो.

जपानी शिंतो लग्नात लाल उरुशीचे तीन पेले येतात. वधूवर प्रत्येकातून तीनदा साके घेतात, एकूण नऊ घोट. बनारसच्या मांडवात सिंधोऱ्याचं झाकण उघडतं आणि त्यातला चिमूटभर सिंदूर भांगात भरला जातो. एका भांड्यात ओलावा मुरलेला, दुसऱ्यात आच.