तरतूद, वितरण आणि सात-नऊ-सहा

अर्थसंकल्पावर लिहायचं तर माणूस विधानभवनात जातो. आमच्या संपादकांनी मला डहाणू-तलासरीला पाठवलं. म्हणाले, पैसा जिथे पोचायचा असतो तिथून मागे मोजत या.

जमेच्या बाजूपासून सुरुवात करायला तलासरी सोयीची आहे. मुंबई-अहमदाबाद महामार्गावर आच्छाडला महाराष्ट्र संपतो. हद्द ओलांडली की गुजरातचे पेट्रोल पंप लागतात आणि तलासरीचे मोटरसायकलवाले टाकी तिकडेच भरून येतात, कारण तिकडे व्हॅट कमी. १ जुलै २०१७ ला जीएसटी आला, तेव्हापासून विक्रीकराचा दर आपला आपण ठरवायची मोकळीक राज्याला उरली नाही. पेट्रोल-डिझेलवरचा व्हॅट, दारूवरचं उत्पादन शुल्क, मुद्रांक शुल्क, वाहन कर एवढीच मोठी हत्यारं हातात राहिली. अर्थमंत्री कोणत्याही पक्षाचा असो, फिरून फिरून याच चार-दोन दारांशी का येतो, ते आच्छाडच्या नाक्यावर उभं राहिलं की समजतं. ट्रक रात्रंदिवस जातात आणि त्यातल्या मालावरच्या करातला राज्याचा वाटा राज्याच्या एकत्रित निधीत पडतो. तिथून या दोन तालुक्यांकडे परत येणारा पैसा मात्र निराळ्या वाटेने येतो.

डहाणू आणि तलासरी हे दोन्ही तालुके संपूर्णपणे राज्यघटनेच्या पाचव्या अनुसूचीखालच्या क्षेत्रात आहेत. २०११ च्या जनगणनेनुसार तलासरीत दहा माणसांमागे नऊ आदिवासी, डहाणूत शेकडा सत्तरच्या आसपास. वारली, धोडी, कोकणा, दुबळा, काही कातकरी. पालघर जिल्हा झाला १ ऑगस्ट २०१४ ला. त्याआधी इथल्या कागदांना ठाण्याची वारी करावी लागे.

विधिमंडळातला भाग नागरिकशास्त्राच्या पुस्तकात असतो, म्हणून तो भराभर सांगतो. पावसाळ्यात वित्त विभागाचं परिपत्रक निघतं, खात्यांकडून अंदाज मागवले जातात. नोव्हेंबरअखेरच्या खर्चावरून आठमाही सुधारित अंदाज येतात. हिवाळ्यात जिल्हा नियोजन समित्या पालकमंत्र्यांच्या अध्यक्षतेखाली बसतात आणि त्यानंतर राज्यस्तरीय बैठकीत जिल्ह्याची मर्यादा वाढवून मागण्याची घासाघीस होते. मार्चमध्ये अर्थमंत्री विधानसभेत आणि राज्यमंत्री विधान परिषदेत एकाच वेळी अर्थसंकल्प वाचतात. मग सर्वसाधारण चर्चा, खात्यांच्या मागण्या, कपात सूचना. शेवटच्या दिवशी चर्चेविना उरलेल्या मागण्या एकगठ्ठा मताला टाकतात. विनियोजन विधेयक संमत झालं की काम संपलं. परिषदेला ते चौदा दिवसांपलीकडे अडवता येत नाही. व्याज, न्यायमूर्तींचे पगार असला भारित खर्च मताला येतच नाही.

पैसा खाली उतरवणारं यंत्र त्यानंतर सुरू होतं. ते मला दाखवलं आदिवासी विकास खात्याच्या लेखा शाखांत नोकरी काढून निवृत्त झालेल्या एका गृहस्थांनी. नाव छापायचं नाही असं बजावून त्यांनी चहा सांगितला आणि माझ्याच वहीत माझ्याच पेनाने आकडे मांडायला घेतले. मी त्यांना काका म्हणत होतो.

‘रस्ता असेल तर ५०५४. दवाखाना २२१०. आदिवासी कल्याण २२२५,’ काका म्हणाले. ‘हे झालं मुख्य शीर्ष. पुढे उपमुख्य, मग गौण शीर्ष तीन आकडी. तिथे ७९६ दिसलं पाहिजे. नसेल तर तो पैसा आपला नाही.’

सात-नऊ-सहा म्हणजे आदिवासी उपयोजना. देशभर हाच आकडा आहे. अनुसूचित जातींच्या घटक योजनेचा ७८९. अर्थसंकल्पाच्या जाडजूड पुस्तकांतून हा आकडा शोधत गेलं की आदिवासींसाठी म्हणून राखलेला पैसा खात्याखात्यांतून उघडा पडतो. खरं सांगायचं तर त्या संध्याकाळी मला या तीन अंकांचं वेडच लागलं. एवढ्या मोठ्या राज्याच्या हिशेबात एखाद्या समाजाचा वाटा ओळखू यावा म्हणून कुणीतरी एक खूण करून ठेवली आणि ती इतक्या वर्षांच्या उलथापालथीत टिकली, हे मला साधं वाटत नाही.

उपयोजना पाचव्या पंचवार्षिक योजनेत आली, सत्तरच्या दशकाच्या मध्यावर. पहिली सतरा-अठरा वर्षं प्रत्येक खातं आपल्या तरतुदीतला काही भाग ‘आदिवासी क्षेत्रासाठी’ म्हणून कागदावर दाखवी. जिल्ह्यातून जाणाऱ्या मोठ्या रस्त्याचा तुकडाही त्यात मोजला जाई. माजी मुख्य सचिव द. म. सुकथनकर यांची समिती १९९१ मध्ये नेमली गेली, पुढच्या वर्षी तिचा अहवाल आला आणि १९९३-९४ पासून क्रम उलटला. आदिवासींच्या लोकसंख्येच्या प्रमाणात, म्हणजे नऊ टक्क्यांच्या आसपास, नियतव्यय आधी बाजूला काढायचा, तो आदिवासी विकास विभागाच्या हाती द्यायचा आणि कोणत्या खात्याच्या कोणत्या योजनेला किती द्यायचं ते या विभागाने ठरवायचं. पैसा या विभागाच्याच मागण्यांत छापला जाऊ लागला: महसुली टी-५, भांडवली टी-६. नियोजन आयोगाने पुढे हीच पद्धत इतर राज्यांपुढे नमुना म्हणून ठेवली. महाराष्ट्राने अशा कितीतरी गोष्टी केल्या आणि स्वतःच विसरला.

‘पण तरतूद म्हणजे पैसा नव्हे,’ काका म्हणाले. हे वाक्य त्यांनी नोकरीत किती वेळा उच्चारलं असेल कोण जाणे. विधानसभेने मंजूर केली ती तरतूद. वित्त विभाग ती टप्प्याटप्प्याने सोडतो ते वितरण. बीम्स नावाच्या संगणक प्रणालीत निधी मंत्रालयातून आयुक्तालयात, तिथून अपर आयुक्तांकडे, मग प्रकल्प अधिकाऱ्याकडे उतरतो. खाली आहरण व संवितरण अधिकाऱ्याची बीडीएस, म्हणजे निधी असल्याची पावती, निघते तेव्हाच देयक कोषागारात घेतात. बीडीएसशिवाय आश्रमशाळेच्या धान्याचं बिलसुद्धा हलत नाही. वितरणाचा मोठा भाग मार्चात येतो, आणि मग ३१ तारखेच्या रात्री उशिरापर्यंत कोषागारात दिवे चालू असतात. काकांच्या घरात पाडव्याची गुढी बहुतेक वेळा त्यांच्याविना उभी राहिली. खर्च न झालेला निधी वेळेत समर्पित केला नाही तर खुलासा मागतात, आणि समर्पित केला तर पुढच्या वर्षी तेवढाच कमी मिळतो. या कात्रीबद्दल काका बोलत होते तेव्हा त्यांचा चहा निवला.

प्रकल्प अधिकाऱ्याला थोडी मोकळीक देणारी एक तरतूद आहे, केंद्रवर्ती अर्थसंकल्प. सगळे तिला न्यूक्लियस बजेट म्हणतात. राज्यभराच्या साच्यात न बसणारी छोटी स्थानिक कामं त्यातून करता येतात. मात्र सर्वांत वेगळी वाट पेसाची, म्हणजे अनुसूचित क्षेत्रातल्या पंचायतींच्या कायद्याची आहे. २०१४ च्या ऑक्टोबरअखेर राज्यपालांची अधिसूचना निघाली आणि २१ एप्रिल २०१५ च्या शासन निर्णयाने उपयोजनेतले पाच टक्के अनुसूचित क्षेत्रातल्या ग्रामपंचायतींना लोकसंख्येप्रमाणे थेट मिळू लागले. पायाभूत सोयी, वनहक्क व पेसाची अंमलबजावणी, आरोग्य-स्वच्छता-शिक्षण, आणि वन-जलसंधारणाची कामं असे त्याचे चार भाग. काम कोणतं ते ग्रामसभेने ठरवायचं. म्हणून अबंध निधी. राज्याच्या अर्थसंकल्पाचा हा एवढासा कोपरा असा आहे, जिथे ज्याच्या दारात नळ यायचा तोच हात वर करून मत देतो. पाडा वेगळा गाव म्हणून घोषित झाला असेल तर त्याची ग्रामसभाही वेगळी. मला हे विधानभवनातल्या एकगठ्ठा मतदानापेक्षा जास्त संसदीय वाटतं.

आता काळजीचं. ६ मार्च २०२० ला तेव्हाचे अर्थमंत्री अजित पवार यांनी अर्थसंकल्प मांडला, सभागृहाने तो मंजूर केला. ४ मे रोजी वित्त विभागाने शासन निर्णय काढला: करोनामुळे विकास योजनांना त्या वर्षी तरतुदीच्या ३३ टक्केच निधी मिळेल. संकट खरं होतं, वाद त्यावर नाही. पण सभागृहाने संमत केलेल्या रकमेचे दोन तृतीयांश एका कागदाने थांबले, त्यासाठी सभागृहापुढे पुन्हा जावं लागलं नाही. विनियोजन म्हणजे खर्च करण्याची परवानगी. खर्च केलाच पाहिजे अशी आज्ञा नव्हे. हे कळलं की मार्चमधल्या मथळ्यांकडे पाहायची नजर बदलते.

दुसरी गोष्ट थेट सात-नऊ-सहाची. १० मार्च २०२५ च्या अर्थसंकल्पात आदिवासी उपयोजनेला २१ हजार ४९५ कोटी रुपये दाखवले होते. मे महिन्यात आदिवासी विकास विभागाचे ३३५ कोटी ७० लाख आणि सामाजिक न्याय विभागाचे ४१० कोटी ३० लाख लाडकी बहीण योजनेकडे वळले. सामाजिक न्याय मंत्री संजय शिरसाट यांनी जाहीर नाराजी दाखवली. सरकारचं म्हणणं असं की लाभार्थी बहिणींत आदिवासी आणि अनुसूचित जातींच्या बायका आहेतच, तेव्हा त्यांच्या वाट्याचा खर्च त्याच शीर्षाखाली टाकणं नियमाला धरून आहे. हिशेबापुरतं ते बरोबर आहे. तलासरीच्या बाईला पंधराशे रुपये मिळाले, ते तिने हवे तसे खर्च केले, त्यात वाईट काय? पण राज्यातल्या प्रत्येक पात्र बाईला जे मिळतं तेच हिला देताना पैसा मात्र हिच्या आश्रमशाळेच्या, हिच्या पाड्यावरच्या रस्त्याच्या वाट्यातून घ्यायचा, ही सुकथनकरांच्या आधीची चाल झाली. आकडा ७९६ चाच राहिला, त्याच्या आतला माल सर्वसाधारण झाला.

आंध्र प्रदेश आणि कर्नाटकने २०१३ मध्ये उपयोजनांसाठी कायदे केले. २०२५ च्या मेमध्ये महाराष्ट्राकडे तसा कायदा नव्हता. नमुना घालून देणारं राज्य शासन निर्णयांवर चाललं होतं. कायदा हवाच असं मला वाटतं. काकांना त्याचा फारसा उत्साह नाही. त्यांची मागणी अगदी कारकुनी: अर्थसंकल्पाच्या पुस्तकात तरतुदीच्या रकान्याशेजारी गेल्या वर्षी वितरण कोणत्या महिन्यात किती झालं, ते छापा. सभागृहात आमदाराने तेवढं एक पान उघडलं तरी पुरे.

माहिती तशी लपलेली नाही. बीम्सच्या संकेतस्थळावर तरतूद, वितरण आणि खर्च लेखाशीर्षानुसार कुणालाही पाहता येतो. तलासरीतल्या ज्या पोरांच्या हातात मोबाइल आहे त्यांना २२२५ आणि ७९६ एवढं माहीत असेल तर पुढचं कठीण नाही. फक्त त्या तक्त्यात पाड्याचा रकाना नाही. खात्याच्या कार्यालयापर्यंत आकडा दिसतो, त्यापुढे कोणत्या पाड्यावर काय झालं हे ग्रामसभेलाच विचारावं लागतं, आणि ग्रामसभेला ते विचारावं लागतं ग्रामपंचायत अधिकाऱ्याला, लेखी.