पुस्तक माझं, कात्री कुणाची?

साड्यांच्या घड्यांखाली, नाहीतर मुलांच्या जुन्या पुस्तकांच्या गठ्ठ्यात, आपल्यापैकी कितीतरी जणींची एखादी वही दडलेली असते. कुणाची कवितांची, कुणाची मुलांसाठी रचलेल्या गोष्टींची. धीर करून ती प्रकाशकाकडे पाठवली की बहुधा दोनांपैकी एक उत्तर येतं. एक म्हणजे ‘साभार परत’. ते निदान सरळ तरी असतं! दुसरं मात्र घोळात पाडणारं. “छापू, पण थोडे बदल करावे लागतील.” बदल करू दिले तर पुस्तक निघेल, पण ते माझं राहील का? आणि नाही म्हटलं तर वही पुन्हा साड्यांखाली!

या पेचातून वाट काढलेल्या एका बाईंची हकीकत मुद्दाम सांगण्यासारखी आहे. त्यांचं नाव बिॲट्रिक्स पॉटर. निळा कोट घातलेला पीटर रॅबिट नावाचा ससा पुष्कळ घरांतल्या मुलांच्या ओळखीचा असतो. त्याची ही जन्मदात्री.

बिॲट्रिक्सबाईंचा जन्म १८६६ सालचा, लंडनमधल्या एका सधन घरातला. त्यांना शाळेत घातलंच नाही. शिकवायला बाई घरी येत. तिशी उलटली तरी त्या आईवडिलांच्याच घरी राहत होत्या. प्राणी पाळावेत, त्यांची चित्रं काढावीत, हा त्यांचा छंद. त्यांना शिकवायला येणाऱ्या एका बाईंचा पाच वर्षांचा मुलगा नोएल आजारी पडला, तेव्हा ४ सप्टेंबर १८९३ रोजी त्यांनी त्याला पत्र पाठवलं. पत्रात काय लिहावं हे सुचेना, म्हणून चार सशांची गोष्टच चित्रांसकट लिहून टाकली. नोएलने ते पत्र जपून ठेवलं. पुढे सातेक वर्षांनी बाईंनी ते त्याच्याकडून मागून घेतलं, गोष्ट वाढवली, वहीत नीट उतरवली आणि प्रकाशकांकडे पाठवायला सुरुवात केली.

निदान सहा प्रकाशकांनी नकार दिला. गोष्ट वाईट म्हणून नव्हे बरं का! कुणाला पुस्तक मोठ्या आकाराचं हवं होतं, कुणाला रंगीत चित्रं हवी होती, कुणाला गोष्ट पद्यात हवी होती. बाईंचं म्हणणं वेगळं होतं. लहान मुलांच्या हातात मावेल एवढंच पुस्तक हवं. एका पानावर एखाद-दोन वाक्यं आणि समोर चित्र. किंमतही अशी की मुलांना झेपेल. सहा शिलिंगांचं पुस्तक कुठलं मूल घेणार?

मी शाळेत अर्धवेळ शिकवते. ही गोष्ट मराठीत सांगत चौथीच्या वर्गाला चित्रं दाखवली, तेव्हा बाईंचा हट्ट मला पुरता पटला. पीटर बागेत शिरला की “बाई, पान उलटा ना!” असा गलका होतो. वाक्य संपतं आणि पान उलटतं, त्यात गोष्टीचा सगळा जीव आहे. मोठ्या पानावर चार परिच्छेद दाटीवाटीने छापले असते तर तो जीवच गेला असता.

मग बाईंनी काय केलं? रुसून वही मिटली नाही. पदरचे पैसे घालून डिसेंबर १९०१ मध्ये २५० प्रती छापून घेतल्या आणि नातेवाइकांत, ओळखीपाळखीत वाटल्या, विकल्या. शेरलॉक होम्सचे जनक कॉनन डॉइल यांनीही आपल्या मुलांसाठी एक प्रत घेतली. फेब्रुवारी १९०२ मध्ये आणखी २०० प्रती काढाव्या लागल्या.

याच सुमारास एक गमतीचा प्रकार घडला. रॉन्स्ली नावाचे धर्मोपदेशक पॉटर कुटुंबाचे स्नेही होते. ते कविताही करत. प्रकाशकांना पद्य हवं आहे ना, मग मीच लिहितो, असं म्हणून त्यांनी सशाची गोष्ट यमकांत बसवली आणि बाईंच्या चित्रांसह फ्रेडरिक वॉर्न या प्रकाशनसंस्थेकडे पाठवली. हेतू चांगलाच होता. पण वॉर्न मंडळींना बाईंचं साधं गद्यच अधिक आवडलं! मात्र चित्रं रंगीत हवीत, ही त्यांची अट होती.

इथे बाईंची खरी परीक्षा होती. रंगाने छपाईचा खर्च वाढतो, म्हणून त्या आधी तयार नव्हत्या. पण आकार लहानच राहणार, गोष्ट गद्यातच राहणार आणि किंमत शिलिंगभरच, हे दिसल्यावर त्यांनी चित्रं पुन्हा रंगवून दिली; त्यातली काही गाळायलाही संमती दिली. ऑक्टोबर १९०२ मध्ये पुस्तक बाहेर येण्याआधीच पहिल्या आठ हजार प्रतींची मागणी नोंदली गेली होती. निळ्या कोटाशिवाय पीटर आज आपल्याला ओळखू तरी आला असता का? म्हणजे प्रकाशकाची ही सूचना पुस्तकाच्या भल्याचीच ठरली.

दुसऱ्या पुस्तकाच्या वेळी मात्र त्यांनी वेगळी चाल केली. ग्लॉस्टर गावच्या एका गरीब शिंप्याची ती गोष्ट. नाताळच्या आदल्या रात्री पशुपक्षी बोलू लागतात, रस्तोरस्ती जुनी बालगीतं घुमतात, आणि आजारी शिंप्याचं अर्धवट राहिलेलं जाकीट उंदीर शिवून देतात. ही बालगीतं प्रकाशक गाळणार, हा बाईंचा होरा होता. म्हणून त्यांना दाखवण्याआधीच डिसेंबर १९०२ मध्ये त्यांनी ५०० प्रती स्वतः छापल्या, सगळ्या गीतांसकट. पुढच्या वर्षी वॉर्नची आवृत्ती निघाली, तेव्हा बरीच गीतं खरोखरच कापली गेली. पण बाईंच्या मनातलं पुस्तक तोवर छापून झालेलं होतं! स्वतःच्या पुस्तकांत हेच त्यांचं सर्वांत आवडतं होतं.

पहिल्या वेळी त्यांना पद्य नको होतं, दुसऱ्या वेळी पद्य गाळायला नको होतं. मग हा नुसता हट्टीपणा कसा म्हणायचा? त्या त्या गोष्टीचा जीव कशात आहे, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं, एवढंच. निबंध तपासताना मी ऱ्हस्व-दीर्घ बेलाशक सुधारते. पण “मावशी आली आणि घर जागं झालं” असं एखाद्या मुलीने लिहिलं आणि मी त्याचं “मावशींचे आगमन झाले” केलं, तर निबंधातून मुलगीच नाहीशी होते. प्रकाशकाच्या सूचनाही अशाच निवडून पाहाव्यात. शुद्धलेखन, पुनरुक्ती, लांबलेली वर्णनं यावरची कात्री बहुधा आपल्या भल्याची असते. आपली बोली, शेवट, पात्रांचा स्वभाव यांना हात लागत असेल, तर कारण विचारावं आणि पटलं नाही तर नम्रपणे नाही म्हणावं.

बाईंची आणखी एक गोष्ट घेण्यासारखी आहे. कराराच्या वेळी वडील फार बारीकसारीक शंका काढतील, तर तिकडे फारसं लक्ष देऊ नका, मी छत्तीस वर्षांची आहे आणि पुस्तकाचा निर्णय माझा मी घेऊ शकते, असं त्यांनी प्रकाशकांना कळवलं होतं. पुस्तकाचे हक्क कुणाकडे राहणार, हेही त्यांनी विचारून घेतलं. हक्कांची हेळसांड किती महाग पडते, ते लवकरच दिसलं: अमेरिकेत या पुस्तकाची हक्कनोंदणी झालेली नव्हती आणि तिथे चोरट्या आवृत्त्या निघाल्या. बाईंना त्यातून काहीच मिळालं नाही.

आपल्याकडे १९५७ चा कॉपीराइट कायदा या बाबतीत लेखिकेच्या बाजूचा आहे. हक्क देणं लेखी आणि सहीनिशीच व्हावं लागतं; तोंडी बोलण्यावर ते होत नाही. किती वर्षांसाठी दिले हे लिहिलेलं नसेल तर ती मुदत पाच वर्षं धरली जाते. आणि हक्क विकले तरी, आपल्या लेखनाची मोडतोड होऊन आपल्या नावाला बाध येत असेल, तर कलम ५७ प्रमाणे दाद मागता येते. तेव्हा सही करण्याआधी कागद नीट वाचा. ‘अंतिम प्रूफ लेखिकेला दाखवल्याशिवाय छापू नये’ एवढं वाक्य त्यात घालून घ्या. मूळ लेखनाची एक प्रत तारीख घालून घरी ठेवा. प्रकाशक मिळत नसेल तर झेपतील तेवढ्या शेपन्नास प्रती काढून बघा, पण मंगळसूत्र मोडून नव्हे!

बिॲट्रिक्सबाईंनी पुस्तकांच्या पैशांतून पुढे शेतं घेतली, मेंढ्या पाळल्या आणि १९४३ साली जाताना चार हजार एकरांहून अधिक जमीन नॅशनल ट्रस्ट या संस्थेला देऊन गेल्या. त्या संस्थेच्या संस्थापकांपैकी एक कोण होते ठाऊक आहे? सशाच्या गोष्टीला यमकं जुळवणारे तेच रॉन्स्ली! त्यांची यमकं बाईंच्या पुस्तकात आली नाहीत, पण म्हणून स्नेहात काही अंतर पडलं नाही.